मोडलेले बँड, उरलेली गाणी : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या ज्या इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांऐवजी लहान, स्वतंत्र 'लेबलां'कडून, अर्थात गाणी छापणाऱ्या कंपन्यांकडून, वाढलेल्या) बँडांनी उत्तम काम केलं, पण हवं तेवढं नाव न होता जे मोडले, त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आलेल्या प्रश्नांत सर्वाधिक संख्या 'कुठून सुरुवात करू?' आणि 'अमुक गाणं मिळतच नाही' या दोन तक्रारींची होती.

प्रश्न : 'फेल्ट' या बँडचं कौतुक बऱ्याच ठिकाणी वाचलं. पण दहा अल्बम आहेत! पहिला लावला, तर गाणं सुरू व्हायच्या आतच लक्ष उडालं. हे ऐकायचं कसं?

उत्तर : पहिल्यापासून क्रमानं जाऊ नका. बर्मिंगहॅम परिसरातल्या लॉरेन्स नावाच्या तरुणानं (तो आडनाव लावत नाही) 1979 मध्ये फेल्ट सुरू केला आणि 1989 मध्ये स्वतःहून थांबवला. ऐंशीच्या दशकात दहा अल्बम, दहा सिंगल (एक-दोन गाण्यांच्या सुट्या तबकड्या) आणि मग पूर्णविराम, असा हिशेब होता. पण या दहा अल्बममध्ये खरं तर दोन वेगळे बँड आहेत. पहिल्या चार अल्बमवर मॉरिस डीबँक या गिटारवादकाची छाप आहे. अभिजात गिटारच्या वळणाची लांबलचक, गुंफत जाणारी सुरावट, मागे झांजा जवळजवळ नसलेले ड्रम आणि आवाज अगदी खोल दडलेला. तुम्ही लावलेला 'क्रम्बलिंग दि अँटिसेप्टिक ब्यूटी' (1982) हा त्यातला सर्वांत अंधारा. 1985 नंतर डीबँक गेला, मार्टिन डफीचा ऑर्गन पुढे आला आणि गाणी आटोपशीर झाली.

म्हणून सुरुवात 1986 च्या 'फॉरएव्हर ब्रीद्स द लोन्ली वर्ड'नं करा. आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. तो अंगवळणी पडला की 1985 चं 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' हे एकच गाणं ऐका. त्यात 'कॉक्टो ट्विन्स'ची एलिझाबेथ फ्रेझर गाते, निर्मिती त्याच बँडच्या रॉबिन गथ्रीची आहे, आणि ब्रिटनच्या इंडी यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. या गाण्यात फेल्टचे दोन्ही काळ एकमेकांना भेटतात. त्यानंतर 'द स्प्लेंडर ऑफ फियर' (1984) घ्या. सहाच तुकडे, बहुतेक वाद्यसंगीत. आता डीबँकची गिटार कंटाळवाणी वाटणार नाही, कारण ती कुठे निघाली आहे ते कानाला कळलेलं असेल. 'ट्रेन अबव्ह द सिटी' (1988) अगदी शेवटी ठेवा. त्यात लॉरेन्स वाजवतही नाही आणि गातही नाही. तो डफी आणि ड्रमर गॅरी एंज यांचा जॅझकडे झुकणारा अल्बम आहे.

विकत घेताना एक खबरदारी. 2018 मध्ये चेरी रेड लेबलनं सगळे अल्बम पुन्हा काढले तेव्हा लॉरेन्सनं त्यांत फेरफार केले. 'लेट द स्नेक्स क्रिंकल देअर हेड्स टू डेथ'चं नावच बदलून 'द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी' झालं आणि 'इग्नाइट द सेव्हन कॅनन्स'मधल्या काही गाण्यांचं मिश्रण नव्यानं केलं गेलं. गथ्रीनं आवाजावर घातलेलं ते धुकं हवं असेल तर या अल्बमची जुनी आवृत्तीच शोधा.

प्रश्न : 'द फील्ड माइस'चे अल्बम ऐकले, पण लोक ज्या गाण्यांबद्दल बोलतात ती त्यांत नाहीतच. असं का? आणि जुन्या बँडांची अशी सुटी गाणी गाठायची कशी?

उत्तर : तुमच्या हातून काही सुटलेलं नाही. ती गाणी अल्बममध्ये नव्हतीच. दक्षिण लंडनचा हा बँड ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सचा. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी 1987 मध्ये काढलेल्या या लेबलची भूमिका अशी, की सात इंची सिंगल ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि एकच गाणं ऐकणाऱ्याला दोनदा विकायचं नाही. म्हणून सिंगलवरची गाणी शक्यतो अल्बममध्ये घेत नसत. 'एमाज हाउस' (1988) आणि 'सेन्सिटिव्ह' (1989) ही बँडची ओळख ठरलेली गाणी सिंगलची, आणि 'मिसिंग द मून' (1991) तर फक्त बारा इंची तबकडीवर आलं. नुसता 'फॉर कीप्स' (1991) हा अल्बम ऐकून हा बँड कळत नाही, ते यामुळे. 1991 च्या अखेरीस बँड मोडला. 1998 मध्ये शिनकान्सेन या लेबलनं 'व्हेअर्ड यू लर्न टू किस दॅट वे?' हा दोन सीडींचा संग्रह काढला. एकच काही घ्यायचं असेल तर तो घ्या. 2005 मध्ये एलटीएम लेबलनं अल्बमांना सिंगल जोडून ते पुन्हा काढले, तेही सोयीचे आहेत.

इतर बँडांसाठी शोधाची पद्धत अशी. आधी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर बँडचं पान उघडा आणि अल्बमकडे न बघता 'सिंगल्स अँड ईपीज' हा विभाग सालवार लावा. प्रत्येक सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी कागदावर उतरवून घ्या. मग त्याच पानावर 'कॉम्पिलेशन्स' बघा. बँड मोडल्यानंतर साधारण दहाएक वर्षांत बहुतेकदा एखादा संग्रह निघतो. शेफील्डच्या 'द लाँग ब्लाँड्स'चं उदाहरण घ्या. पहिला अल्बम 2006 चा, पण त्याआधीच्या सिंगलवर त्यांचा कच्चा, धारदार आवाज आहे. ते सगळे 2008 च्या 'सिंगल्स' या संग्रहात एकत्र मिळतात.

नव्वदच्या दशकातल्या बँडांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. तेव्हा एकाच सिंगलच्या दोन सीडी निघत आणि दोन्हींवर मागची गाणी वेगळी असत. 'सीडी 1' मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका.

उरतात जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी केलेली मुद्रणं. बीबीसीच्या मैदा व्हेल स्टुडिओत बँडला बहुधा एक दिवस मिळे आणि त्यात साधारण चार गाणी वाजवून, मिश्रण करून हातावेगळी करावी लागत. घाईमुळे ती अनेकदा अल्बमपेक्षा जास्त जिवंत वाटतात. पण या मुद्रणांचे हक्क लेबलकडे नसून बीबीसीकडे असतात. म्हणून अल्बम ऑनलाइन असला तरी ही सत्रं बहुधा तिथे नसतात. 1986 पासून स्ट्रेंज फ्रूट नावाचं लेबल ती छापत असे. ते आता बंद आहे, तेव्हा बहुतेकदा जुन्या प्रतींना पर्याय नाही.

प्रश्न : 1990 च्या सुमाराची एक ब्रिटिश सीडी जुन्या मालातून घेतली. वरून चांगली दिसते, पण शेवटची दोन गाणी खरखरतात. पुसून पाहिली, फरक नाही.

उत्तर : सीडी उजेडात तिरपी धरून कडेकडे बघा. रुपेरी रंगाऐवजी तपकिरी, पितळी झाक दिसत असेल तर तो ओरखडा नाही, गंज आहे. मग मधल्या पारदर्शक कड्यावरचा मजकूर वाचा. तिथे 'मेड इन यू.के. बाय पीडीओ' असं असेल तर निदान पक्कं. लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नच्या या कारखान्यात 1988 ते 1993 दरम्यान निघालेल्या काही सीडींवर संरक्षक लाखेचा थर कमी पडला होता. आतला परावर्तक थर चांदीचा. वेष्टनाच्या कागदातलं गंधक लाखेतून आत झिरपलं आणि चांदी काळवंडत गेली. त्या वर्षांत ब्रिटिश इंडी लेबलांच्या पुष्कळ सीडी याच कारखान्यात छापल्या गेल्या, म्हणून आपल्या विषयात हा रोग वारंवार भेटतो. मात्र पीडीओची प्रत्येक सीडी बिघडते असं नाही.

शेवटचीच गाणी का गेली, तर सीडीचं वाचन आतून बाहेर होतं आणि गंज बाहेरून आत येतो. म्हणजे अजून वेळ आहे. घासू नका, पॉलिश लावू नका. गंज प्लॅस्टिकच्या पलीकडे आहे, तिथे तुमचं कापड पोचत नाही. आजच 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारख्या आज्ञावलीत 'सिक्युअर' पद्धत निवडून सगळी गाणी फ्लॅक (आवाजातलं काही न गमावणाऱ्या) स्वरूपात उतरवून घ्या. ही पद्धत चुकलेली जागा पुन्हापुन्हा वाचते, त्यामुळे एका गाण्याला अर्धा तासही लागू शकतो. मध्येच थांबवू नका. अडलेलं गाणं दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा, कारण ड्राइव्हागणिक वाचनशक्तीत बराच फरक असतो. शेवटी 'ॲक्युरेटरिप'नं पडताळणी करा. तुमची प्रत इतरांच्या प्रतीशी जुळली तर गाणं शाबूत उतरलं.

मूळ सीडी मग नव्या डबीत, जुन्या कागदांपासून वेगळी ठेवा. गंज थांबणार नाही, पण वेग कमी होईल. पुढच्या खरेदीत विक्रेत्याकडे वाजणाऱ्या बाजूचा आणि मधल्या कड्याचा फोटो आधी मागा.

प्रश्न : एकाच गाण्यात दोन भाषा वापरणारा वेल्सचा एक बँड होता म्हणे. नाव आठवत नाही.

उत्तर : 'गॉर्कीज झायगॉटिक मंकी'. शेवटचा शब्द लिहितात एम-वाय-एन-सी-आय असा, पण वेल्श उच्चाराप्रमाणे वाचला की 'मंकी' होतो. कार्मार्थनच्या शाळकरी मित्रांनी काढलेला हा बँड 2006 मध्ये मोडला. गायक युरॉस चाइल्ड्स, व्हायोलिनवर त्याची बहीण मेगन.

त्यांनी भाषेची सक्ती कधी मानली नाही. अल्बममध्ये एक गाणं वेल्शमध्ये, पुढचं इंग्रजीत, आणि 'पॅटिओ साँग'मध्ये तर इंग्रजीत चाललेलं गाणं अलगद वेल्शमध्ये शिरतं. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी वापरणाऱ्याला यात काहीच विचित्र वाटणार नाही. दोन भाषांमध्ये जगणाऱ्याचं बोलणं असंच असतं, आणि तेच इथे गाण्यात आलं आहे. विकताना मात्र हे लेबलांना जड गेलं. त्यांचे आठ सिंगल ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या 75 मध्ये आले, पण पहिल्या चाळीसात एकही शिरला नाही. 'पॅटिओ साँग' 41 वर अडकलं. एका क्रमांकानं हुकलं ते नुसतं आकड्यांत नाही. रेडिओ, दूरदर्शन, दुकानांतली मांडणी या सगळ्यांची दारं त्या चाळीसच्या आत उघडत.

'बाराफंडल' (1997) आधी ऐका. हे पेंब्रुकशरमधल्या एका खाडीचं नाव आहे. मग 'स्पॅनिश डान्स ट्रूप' (1999) आणि शांत, जवळजवळ ड्रमविरहित 'द ब्लू ट्रीज' (2000). सुरुवातीचे 'टाटाय' आणि 'बुइड टाइम' फार वाकडेतिकडे आहेत. आवड लागल्यावरच त्यांच्याकडे वळा.

प्रश्न : समीक्षकांनी डोक्यावर घेतलेले बँड मोडतात तरी का? भांडणं, की पैसा?

उत्तर : भांडणं असतात, पण ती पैशाच्या ओढाताणीतून जास्त चिघळतात. हिशेब समजून घ्या. समजा बँडला 20,000 पौंड उचल मिळाली. ही बक्षिसी नाही, पुढच्या मानधनातून वळती होणारी रक्कम आहे. घाऊक किंमत 6 पौंड आणि मानधन 15 टक्के धरलं तर प्रतीमागे 90 पेन्स. म्हणजे 22,000 हून अधिक प्रती खपेपर्यंत बँडच्या हाती नवा पैसा शून्य. आता रफ ट्रेड किंवा फॅक्टरीसारख्या लेबलांची जुनी पद्धत बघा : आधी खर्च वसूल, मग नफ्याचे दोन समान वाटे. तोच 20,000 चा खर्च आणि छपाई वजा जाता प्रतीमागे 4 पौंड शिल्लक धरली, तर 5,000 प्रतींत खर्च फिटतो आणि पुढच्या प्रत्येक प्रतीमागे बँडला 2 पौंड. छोट्या बँडला दुसरी पद्धत पुष्कळ बरी. पण तिथला धोका वेगळा : लेबल किंवा वितरक बुडाला की सगळंच बुडतं.

आणि वितरक बुडालेच. ऐंशीच्या दशकात प्रादेशिक वितरकांचं 'द कार्टेल' नावाचं जाळं होतं. त्यातलं यॉर्कचं रेड ऱ्हायनो 1988 मध्ये गेलं, आणि 1991 मध्ये रफ ट्रेड डिस्ट्रिब्यूशन कोसळलं. दुकानांनी विकलेल्या तबकड्यांचे पैसे वितरकाकडे अडकले. लेबलांना ते मिळाले नाहीत, मग बँडांना कुठून मिळणार? डिसेंबर 2008 मध्ये पिनॅकल या वितरकाचं तेच झालं. ऑगस्ट 2011 च्या दंगलीत उत्तर लंडनमधल्या एनफील्डचं सोनीचं गोदाम जळालं, तेव्हा त्यात दीडशेच्या वर इंडी लेबलांचा माल होता. मोठं लेबल नवी छपाई करतं. मोडलेल्या बँडच्या उरलेल्या पाचशे प्रतींसाठी पुन्हा छपाई कोण करणार? आज दुर्मीळ झालेल्या काही तबकड्यांमागचं कारण एवढंच आहे.

सगळीच कारणं पैशाची नसतात. 'द लाँग ब्लाँड्स'चा मुख्य गीतकार आणि गिटारवादक डोरियन कॉक्स याला जून 2008 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बँड थांबला. दुसरा अल्बम 'कपल्स' येऊन सहा महिनेच झाले होते. केंडलचा 'वाइल्ड बीस्ट्स' पाच अल्बम करून 2018 च्या फेब्रुवारीत निरोपाचे कार्यक्रम करून शांतपणे थांबला. हेडन थॉर्पचा चिरत जाणारा उंच आवाज आणि टॉम फ्लेमिंगचा भारदस्त खर्ज यांची 'टू डान्सर्स' (2009) मधली जोडी ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी आज रात्रीच ऐकावी. वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पारितोषिकाच्या 2010 च्या अंतिम यादीत तो अल्बम होता.

प्रश्न : आम्ही तिघं आहोत, ड्रमर नाही. 'यंग मार्बल जायंट्स'सारखा आवाज काढायचा प्रयत्न केला, तर नुसतं रिकामं वाटतं.

उत्तर : कार्डिफच्या या त्रिकुटानं 'कोलोसल यूथ' (1980) हा एकच अल्बम केला आणि लवकरच ते पांगले. त्यांचं संगीत मोकळं आहे, रिकामं नाही, कारण प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा आहे. फिलिप मॉक्सहॅमचा बेस नुसता आधार देत नाही, सुरावट तोच चालवतो. म्हणून बेस पिकनं वाजवा, मानेच्या वरच्या भागात जा आणि ॲम्पवर खालचे स्वर थोडे कमी करा. स्टुअर्ट मॉक्सहॅमची गिटार तालवाद्याचं काम करते. उजव्या तळव्याची कड ब्रिजला टेकवून तारा दाबा, पूर्ण कॉर्डऐवजी दोन-तीन ताराच छेडा, आणि स्वर लगेच तुटू द्या. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) बंद. नवशिके नेमके इथेच चुकतात. रिकामपण झाकायला रिव्हर्ब वाढवतात, आणि सगळी वाद्यं एकमेकांत मिसळून चिखल होतो.

ताल यंत्राचा ठेवा, पण हळू. त्यांचं यंत्र घरगुती बनावटीचं होतं आणि ताल कॅसेटवरून वाजवला जाई. क्रॅश झांज नको, ओळींमधली ड्रमची भरणी (फिल) नको, ओळीअखेर बदल नको. मिश्रणात तो गिटारच्याही मागे ठेवा. ॲलिसन स्टॅटन गाते तसं गायचं तर माइकपासून वीतभर अंतरावर, बोलण्याच्याच आवाजात, स्वर न थरथरवता. शेवटी एक चाचणी करा : एकेक वाद्य बंद करून ऐका. एखादं बंद केल्यावर फरक पडला नाही तर ते दुसऱ्याच्याच पट्टीत वाजतं आहे. त्याला एक सप्तक वर किंवा खाली न्या.

प्रश्न : 'लाइफ विदाउट बिल्डिंग्ज'ची गायिका गाते आहे की बोलते आहे? हे गंभीरपणे घ्यायचं का?

उत्तर : अगदी गंभीरपणे. सू टॉम्पकिन्स मूळची चित्र-शब्दकलाकार. ग्लासगोच्या कलाशाळेच्या वर्तुळातून हा बँड उभा राहिला, 'एनी अदर सिटी' हा एकच स्टुडिओ अल्बम झाला आणि 2002 च्या सुमारास सगळं संपलं. ती अर्थासाठी वाक्य पुरं करत नाही. एखादा शब्द उचलते, तोडते, पुन्हा ठेवते. पहिल्या ऐकण्यात शब्दांचा पाठलाग करू नका, तिचा आवाज गिटारच्या कोणत्या ठोक्यावर पडतो एवढंच बघा. मग सिडनीत मुद्रित केलेला आणि 2007 मध्ये निघालेला 'लाइव्ह ॲट दि ॲनंडेल हॉटेल' लावा. ते तुटलेले शब्द तिथेही जागच्या जागी येतात. हे सहज सुचलेलं बडबडणं नसून पक्कं बांधलेलं काम आहे, याचा याहून चांगला पुरावा नाही.

प्रश्न : जुनी फ्लेक्सी तबकडी मिळाली आहे. सुई ठेवली की ती जागेवरच घसरते.

उत्तर : फ्लेक्सी कागदासारखी पातळ असते. ऐंशीच्या दशकात इंडी मंडळी ती फॅनझिन्सबरोबर (चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मासिकांबरोबर) देत. सारा रेकॉर्ड्सच्या आधी मॅट हेन्स 'शा-ला-ला' या नावानं हेच करत होता. घसरण्याचं कारण वजनाचा अभाव. टर्नटेबलवर आधी एक सपाट, नको असलेली बारा इंची तबकडी ठेवा, तिच्यावर फ्लेक्सी, आणि मधल्या छापील भागावर, खोबणीच्या आत, एक लहान नाणं. दोन नाणी ठेवलीत तर सुईचा हात शेवटाला त्यांवर आपटेल. सुईचा दाब कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला आणा, त्यापलीकडे नाही.

घडी पडली असेल तर जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवा. इस्त्री किंवा केस वाळवायचं यंत्र लावलंत तर खोबणी कायमची वितळेल. अल्कोहोलही लावू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढणं पुरे. फ्लेक्सी दर वेळी झिजते, आणि तिच्यावरची काही गाणी पुढे कुठेच छापली गेलेली नाहीत. म्हणून पहिल्यांदा वाजवायच्या आधीच मुद्रणाची तार जोडून, आवाजाची पातळी दुसऱ्या एखाद्या तबकडीवर ठरवून ठेवा.